शेवट माहीत असलेल्यांसाठी थोडी पूर्वतयारी

2012 साली आलेला 'द हॉबिट: ॲन अनएक्सपेक्टेड जर्नी' अजून पाहिला नसेल, तर बसण्याआधी स्मरणशक्ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग तुम्ही पाहिलेत. त्यात बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट, म्हणजे छोट्या चणीचा घरबशा जीव, आपला एकशे अकरावा वाढदिवस थाटात साजरा करतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. ते सगळं विसरायचं. विसरणं सोपं जावं म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी सुरुवातीलाच म्हाताऱ्या बिल्बोला आठवणी लिहायला बसवलंय. म्हणजे गडी वाचला, घरी परतला, म्हातारा झाला. पुढचे पावणेतीन तास दर दहा मिनिटांनी त्याच्या जिवावर बेतणार आहे आणि दर वेळी तुमच्या पोटात गोळा आला पाहिजे. शेजारचा "अरे, वाचतो तो" म्हणाला, तर त्याच्याकडे असं बघा की पुन्हा तोंड उघडणार नाही.

पहिल्याच प्रसंगात बिल्बोचा तरुण नातलग फ्रोडो दिसेल. मूळ पुस्तकात त्याचा पत्ता नाही, पण आधीच्या तीन सिनेमांतला ओळखीचा चेहरा हवा ना! फाटकावर 'विनाकारण आत येऊ नये' छापाची पाटी ठोकायची आणि निघून जायचं, एवढंच त्याला काम. पुणेकर प्रेक्षकांना इथे एकदम घरच्यासारखं वाटेल.

आता हिशेब. तो करू नका. मूळ लेखक टॉल्किन यांनी 1937 साली मुलांसाठी लिहिलेलं हे पुस्तक जेमतेम तीनशे पानांचं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हजार पानांच्या वर जातं. त्याचे सिनेमे तीन, याचेही तीन. आधी दोनच ठरले होते. पहिला भाग पडद्यावर यायला पाच महिने उरले असताना, जुलै 2012 मध्ये, तिसरा जाहीर झाला. लोक लगेच पैशाचं बोलायला लागले. लोकांचं सोडा. ऐनवेळी पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावं लागतं, आणि इथे तर बिल्बोच्या दारात तेरा बुटके न सांगता येऊन उभे राहतात.

त्या तेरांना ड्रॅगनने बळकावलेला आपला डोंगर परत मिळवायचाय, आणि बिल्बोला बरोबर न्यायचंय. त्यांची नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. एक जाडा, एक पांढऱ्या दाढीचा समंजस, दोन देखणे आणि कायम दुखावलेला तो त्यांचा म्होरक्या थोरिन. एकाच्या कपाळात कुऱ्हाडीचं पातं रुतलेलं आहे. का, ते विचारायचं नाही. उरलेले सात जण पळताना संख्या भरतात. ते बिल्बोचं कोठार रिकामं करतात, ताटल्या हवेत फेकत गाणं म्हणतात, मग सावकाश दुसरं गाणं म्हणतात. गोष्ट कधी सुरू होणार, असं मनात आलं तर समजा की तुम्ही रसिक नाही.

तुमच्यापैकी काहींनी हा सिनेमा तेव्हा निवडक थिएटरांत सेकंदाला 48 चित्रं या वेगाने पाहिला असेल. एरवी सिनेमा 24 वर चालतो. दुप्पट वेगामुळे सगळं इतकं लख्ख दिसलं, की दाढ्या दाढ्यांसारख्या दिसेनात, चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या. अशा वेळी "डोळ्यांना सवय व्हायला हवी" असं गंभीरपणे म्हणायचं असतं.

राडागास्ट नावाचा जादूगार सशांच्या गाडीतून येतो. त्याच्या चेहऱ्यावरून पक्ष्यांची विष्ठा ओघळलेली असते. टॉल्किन यांनी त्याला 'हॉबिट'मध्ये एका ओझरत्या उल्लेखावर भागवलं होतं. इथे ती चूक सुधारली आहे. पुस्तकातल्या इतिहासात कधीच मेलेला ॲझोग हा ऑर्क, म्हणजे राक्षसी लढवय्या, तर एक हात गमावून पुन्हा हजर होतो, कारण पाठलाग करायला कुणीतरी लागतं. गॉब्लिन नावाच्या कुरूप राक्षसांच्या गुहेत तेराच्या तेरा बुटके लाकडी पुलासकट दरीत कोसळतात, वरून गॉब्लिनांचा अगडबंब राजा त्यांच्या अंगावर पडतो, आणि कुणाला खरचटतही नाही. टाळ्या इथेच वाजवा.

एक धोक्याची सूचना. या पळापळीच्या मधोमध सिनेमा अचानक थांबतो. अंधारी गुहा, पाण्याचा काठ, आणि बिल्बो व तिथे राहणारा गोलम नावाचा विचित्र प्राणी, दोघंच जण एकमेकांना कोडी घालतात. हरला तर बिल्बोला गोलम खाणार, जिंकला तर वाट दाखवणार. बिल्बो झालेला मार्टिन फ्रीमन काठावर अवघडून उभा आणि अँडी सर्किसचा गोलम क्षणात लाडीगोडी, क्षणात दात. चित्रीकरणाची सुरुवातही याच प्रसंगाने झाली होती. ना पूल कोसळत, ना कुणी उडत, नुसतं बोलणं. शेवटी बिल्बो, गुहेत सापडलेली गोलमची जादूची अंगठी ठेवलेला खिसा चाचपत विचारतो, माझ्या खिशात काय आहे? हे कोडंच नव्हे, उघड उघड लबाडी आहे, आणि ती करताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पॉपकॉर्न आणायला, फोन बघायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. उठाच.

आणि कुणी शुद्धतावादी "मूळ पुस्तकाची वाट लावली" म्हणून गळा काढायला लागला, तर त्याला सांगा की पहिली वाट खुद्द टॉल्किन यांनीच लावली. 1937 च्या आवृत्तीत गोलम पैजेत अंगठी द्यायला निमूट तयार होता. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकथेत तीच अंगठी जगाच्या मुळावर उठली, तेव्हा हे जमेना. म्हणून 1951 च्या आवृत्तीत त्यांनी हे प्रकरण बदललं आणि आधीची हकीकत ही बिल्बोची थाप होती, असं ठरवून मोकळे झाले. फरक इतकाच, की ते त्यांनी एका प्रकरणात उरकलं.

शेवटी गरुड येतात, सगळ्यांना पाठीवर घेतात आणि डोंगर क्षितिजावर दिसेल एवढ्या अंतरावर एका खडकावर सोडून देतात. थेट डोंगरापर्यंत का नाही नेलं? कारण अजून दोन सिनेमे बाकी आहेत. ज्या ड्रॅगनसाठी एवढी यातायात, तो सोन्याच्या ढिगाखाली एक डोळा उघडतो. 169 मिनिटांत एक डोळा. घाई करू नका.

एवढ्यानेही पोट भरलं नाही, तर विस्तारित आवृत्ती 182 मिनिटांची आहे. तिच्यात गॉब्लिनांच्या राजालाही गाणं आहे.