स्टॅनफर्डचा चोर आणि आमचा नंद्या

सदराचा लेख छापायला देण्याआधी कट्ट्यावर वाचून दाखवायची नंद्याला खोड आहे, त्यामुळे शनिवारी चहा यायच्या आत मथळा कानावर आदळला. "स्टॅनफर्डचा चोर अध्यक्ष." टेसिए-लाविन प्रकरण, म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष असलेल्या शास्त्रज्ञाच्या संशोधनात डेटा फिरवल्याचा आरोप झाला होता ते, एवढ्या उशिरा सापडलंय त्याला.

"चोर कशावरून?" वैदेही.

"कशावरून म्हणजे? 2023 ला राजीनामा दिला ना! निर्दोष माणूस खुर्ची सोडतो का?" नंद्याचे हात सुटले की शेजारच्याने आपला ग्लास उचलून घ्यायचा असतो.

"चौकशीचा रिपोर्ट वाचलास?"

"बातम्या वाचल्या की."

वैदेही दिवसभर कोर्टात कमी शब्दांत बोलते त्याचा हिशोब संध्याकाळी आमच्यावर काढते. म्हणाली, अरे चौकशी समितीनं त्याचे 12 संशोधन-पेपर तपासले, काहींत लॅबमधल्या दुसऱ्यांनी डेटात फेरफार केल्याचं निघालं, यानं स्वतः केला किंवा त्याला तेव्हा माहीत होतं असं नाही निघालं, चुका कळल्यावर नीट दुरुस्त केल्या नाहीत हे मात्र त्याच्यावर आलं, आणि ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला ना, 2009 चा अल्झायमरचा पेपर, तो तेव्हा ज्या कंपनीत होता तिथं घोटाळा सापडला आणि दाबला वगैरे, तो आरोप चुकीचा दिसतो असं समितीनं म्हटलं, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या भानगडीशी गल्लत झाली होती.

"पण तो पेपर नंतर मागे घेतलाच ना!"

"घेतला. पेपरात चुका होत्याच. चुकीचा पेपर म्हणजे चोर का? मग तुझी बारावी काढू का?"

सुन्या मध्ये पडला. "पण तिथल्या पोरांनी कॉलेजच्या वर्तमानपत्रात छापलं म्हणून तरी चौकशी लागली, पबपिअरवर, म्हणजे छापलेल्या संशोधनावर शंका मांडायच्या त्या वेबसाइटवर, त्या 2015 पासून धूळ खात पडल्या होत्या." हे मलाही पटलं. वैदेहीलाही, कारण ती म्हणाली, "लिहूच नका कुठे म्हणते मी? कोण म्हणतंय, त्यानं स्वतः पाहिलं का कुणाकडून ऐकलं, समोरचा काय म्हणतो, तेवढं घाला. नाहीतर या सुन्यासारखं होतं."

सुन्याला अजून सगळे 'वर्गणी' म्हणतात. गॅदरिंगचे पैसे कमी भरले होते, कुणी खाल्ले ते कधीच कळलं नाही, पण त्याच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, तुम्हाला वर्गणी का म्हणतात हो?

"आणि नाव पाडलं कुणी? या नंद्यानं!" सुन्या एकदम तापला.

नंद्यानं विषय बदलला. "अगं पण तो काय कॅलिफोर्नियातून येऊन माझ्यावर केस करणारे?"

"अच्छा! सातासमुद्रापलीकडचा असला की चोर. आणि 2017 ला मुंबई विद्यापीठाचे निकाल लटकले, ऑनलाइन पेपर तपासणीचा बोजवारा उडाला, कुलपतींनी कुलगुरूंना घरी पाठवलं, सगळं समोर दिसत होतं, तेव्हा तू काय लिहिलंस? 'संबंधितांनी आत्मपरीक्षण करावे.' तुझी हिंमत किलोमीटरवर चालते रे."

नंद्यानं पेन काढलं. "बरं, 'कथित चोर अध्यक्ष' करतो."

"शिवी तीच, फक्त आधी कथित."

तेवढ्यात उठायची वेळ झाली. सुन्या ओरडला, "मामा, आजचा चहा नंद्याच्या कथित खात्यावर!"

मामांनी वही उघडली. "कथित नाय, मागचे 240 बाकी आहेत. सही आहे त्यांची."