'चालतंय ना, मग कोड कशाला बघायचा?' म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच चार ग्रुपवरून आला. म्हणणं असं की सरकारी सॉफ्टवेअरचं कोड क्वालिटी ॲनालिसिस, म्हणजे आतला कोड कसा लिहिलाय ते वाचून तपासणं, ही जनतेच्या पैशाची नासाडी, आणि कारणं दिलीयेत पाच. सिस्टीम चालतेय ना, मग झालं. टेस्टिंग आणि सिक्युरिटी ऑडिट असतंच. प्रोजेक्ट माणसांमुळे बुडतात, कोडमुळे नाही. क्वालिटीचे आकडे फसवे असतात. आणि शेवटचं म्हणजे साहेबांना कोड काय कळणार. मी बरीच वर्षं व्हेंडरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कंपनीच्या, बाजूने सरकारी प्रोजेक्टवर घासलीये, त्यामुळे यातली दोन कारणं मला अर्धी पटतात, पण तरी त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकलाय.

'चालतंय ना'

ब्रिटनच्या पोस्टाचं होरायझन, म्हणजे काउंटरचा आणि हिशोबाचा कम्प्युटर, घ्या. १९९९ पासून ते पोस्टापोस्टात बसवायला लागले, बनवणारी कंपनी आयसीएल, जी पुढे फुजित्सु झाली. स्टॅम्प विकले जायचे, पेन्शन मिळायची, पावती निघायची, म्हणजे चालत होतंच की! फक्त त्यातल्या बगमुळे, म्हणजे कोडमधल्या चुकांमुळे, संध्याकाळी हिशोब कधीकधी जुळायचा नाही, आणि तूट आली की पोस्ट चालवणाऱ्याने खिशातून भरायची, नाहीतर चोरी-अफरातफरीची केस अंगावर घ्यायची. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. सीमा मिश्रा म्हणून बाई, वेस्ट बायफ्लीटला पोस्ट चालवायच्या, सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप, २०१० मध्ये पोटात बाळ असताना १५ महिन्यांची शिक्षा झाली आणि निर्दोष ठरायला २०२१ उजाडलं. कायदा पण असा की कुणी उलटं दाखवून देईपर्यंत कम्प्युटर बरोबरच चालतोय असं कोर्टाने धरायचं. आता ज्याच्याकडे कोडच नाही तो दाखवणार कसं?

'टेस्टिंग आणि ऑडिट असतंच'

इथे जरा थांबतो, कारण खरा घोळ इथेच आहे.

होरायझन सगळीकडे बसवायच्या आधीच, १९९८ मध्ये, कंपनीनेच एक टीम लावून त्याच्या काउंटरवरच्या भागाचा, म्हणजे इपॉसचा कोड तपासला होता, कारण बग संपता संपत नव्हते. त्या रिपोर्टमध्ये नमुना म्हणून एक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा छोटा तुकडा, दिलंय. काम एवढंच की आकड्याचं चिन्ह उलटं करायचं. तुम्ही आम्ही काय करू, पुढे मायनस लावू आणि चहा प्यायला जाऊ. त्यांनी काय केलं, आकडा उणे असेल तर त्याचं चिन्ह काढून टाका, नाहीतर आकड्याची दुप्पट करा आणि ती त्याच आकड्यातून वजा करा. म्हणजे ५०० आले तर ५०० वजा १०००. तपासणाऱ्यांनी त्यावर शेरा मारलाय की हे ज्याने लिहिलं त्याला साधं गणितही कळत नाही आणि प्रोग्रामिंगचे मूलभूत नियमही.

पण उत्तर बरोबर येतं हो! ५०० टाका, उणे ५०० मिळतात. या फंक्शनवर टेस्ट लिहा, पास. यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांच्या चाचणीला, बसवा, पास. सिक्युरिटी ऑडिटवाला येईल, तो एसक्यूएल इंजेक्शनसारख्या डेटाबेसमध्ये घुसायच्या वाटा शोधेल, पासवर्ड उघडा पडलाय का बघेल, त्याला यात काही सापडणार नाही कारण त्याचं ते कामच नाही. आपल्याकडे सरकारी साइट लाइव्ह करताना सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरचं सर्टिफिकेट लागतं, ते लागायलाच हवं, पण ते कुलपाचं सर्टिफिकेट आहे, भिंत कशी बांधलीये त्याचं नाही. लाखो लोकांच्या पैशाचा हिशोब कुणाच्या हातात दिलाय हे फक्त कोड वाचूनच कळलं. त्या एका फंक्शनमुळे कुणी तुरुंगात गेलं असं मी म्हणत नाहीये, ती नुसती शिताची परीक्षा होती.

आणि भात कच्चा आहे हे कळल्यावर काय केलं? इपॉस पुन्हा लिहायचा मुद्दा निघाला होता, तर मॅनेजमेंटने २००० मध्ये ठरवलं की रीराइटच्या खर्चापेक्षा मेंटेनन्सचा चालू खर्च सोसू. हे कागद जगासमोर नीट वाचले गेले ते थेट २०२२ मध्ये, सार्वजनिक चौकशीत. म्हणजे तपासणी फुकट गेली म्हणता येतं का? तपासणी बरोबर होती, पण ती व्हेंडरच्या कपाटात होती, आणि सिस्टीम स्वीकारायची का नाही हे ठरवणारं पोस्ट टेबलाच्या पलीकडे बसलं होतं.

'प्रोजेक्ट माणसांमुळे बुडतात'

अर्धं बरोबर. कॅनडाची सरकारी पगाराची फीनिक्स सिस्टीम २०१६ ला सुरू झाली आणि नोकरदारांना कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला पगारच नाही. तिथे बजेटमध्ये बसवायला पगाराच्या ९८४ सोयींपैकी १०० हून जास्त कापल्या किंवा पुढे ढकलल्या होत्या, पायलट, म्हणजे आधी थोड्या लोकांवर करायची चाचणी, पण रद्द केला होता. हा निर्णयांचा दोष, कोड रिव्ह्यूने हे निर्णय बदलले असते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माणसं चुकताहेत हे वरच्याला कळणार कुठून? मीटिंगमध्ये स्टेटस कायम हिरवं असतं, मी स्वतः हिरवं रंगवलंय. कोड तेवढा रंगवता येत नाही.

अमेरिकेच्या एफबीआयचं व्हर्च्युअल केस फाइल, म्हणजे तपासाच्या फायली कम्प्युटरवर आणायचं सॉफ्टवेअर, बघा. तिथेही रोग माणसांचाच होता, रिक्वायरमेंट, म्हणजे काय हवंय त्याच्या मागण्या, सारख्या बदलत होत्या. सुमारे ७ लाख ओळींचा कोड लिहून झाल्यावर बाहेरच्या संस्थेकडून, एरोस्पेस कॉर्पोरेशनकडून, तपासणी करून घेतली, खर्च २० लाख डॉलर, आणि त्यांनी सांगितलं टाकून द्या. २००५ मध्ये टाकलं. तोवर १७ कोटी डॉलर गेले होते. तीच तपासणी दोन वर्षं आधी केली असती तर? मेसेजवाले नासाडी म्हणतात ती नक्की कुठली, २० लाखांची की १७ कोटींची?

'आकडे फसवे असतात'

असतात! मी फसवलेत. एका प्रोजेक्टला करारात ८० टक्के टेस्ट कव्हरेज लिहिलं होतं, म्हणजे टेस्टमध्ये एवढा कोड चालून गेला पाहिजे, डेडलाइन जवळ आली तेव्हा आम्ही पोरांना बसवून अशा टेस्ट लिहून घेतल्या ज्या फंक्शन नुसतं चालवतात, उत्तर बरोबर आलं का ते बघतच नाहीत. कव्हरेज ८३, सगळे खूश, बिल पास. सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या टूलचं 'ए' रेटिंग पण असंच, त्यात दुरुस्तीचा अंदाजे खर्च भागिले एकूण कोड लिहायचा खर्च असा हिशोब असतो आणि लिहायचा खर्च ओळींच्या संख्येवरून धरतात, प्रत्येक ओळीला ठरावीक मिनिटं. म्हणजे कोड जितका फुगेल तितका छेद मोठा आणि ग्रेड बरी.

म्हणून ग्रेडवर बिल पास करू नका एवढंच यातून निघतं. कुठल्या फाइलमध्ये दर महिन्याला हात घालावा लागतो, एक बग मिटवला की दुसरे दोन कुठून निघतात, पगाराचा किंवा व्याजाचा भाग अख्ख्या टीममध्ये किती जणांना कळतो, हे व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे कोडमध्ये कुणी कधी काय बदललं त्या नोंदीत, दिसतं. ते खोटं करायला जेवढी मेहनत लागते तेवढ्यात माणूस चांगला कोड लिहील.

'साहेबांना कोड काय कळणार'

साहेबांना पुलाचं डिझाइन तरी कुठे कळतं, तिथे थर्ड पार्टी तपासणी लावतातच ना. नेदरलँड्समध्ये संसदीय समितीने सरकारी आयटीचे वाभाडे काढल्यावर २०१५ मध्ये स्वतंत्र कार्यालयच काढलं, ५० लाख युरोच्या वरचे आयटी प्रोजेक्ट त्यांच्याकडे जायचे, ते कोडच्या पलीकडचं पण बघायचे, आणि त्यांचं मत मंत्र्याच्या टेबलावरून संसदेपर्यंत जायचं.

एक तपासणी तर क्लार्क पण करू शकतो. कोऱ्या मशीनवर, व्हेंडरने दिलेल्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, व्हेंडरचा माणूस खोलीत नसताना, सिस्टीम उभी राहते का. आमच्याकडे एका डिपार्टमेंटने पाच वर्षांनी पहिल्यांदा सोर्स मागितला, कारण नवीन टेंडर काढायचं होतं. जुन्या व्हेंडरने झिप पाठवली. ती कम्पाइलच होईना, म्हणजे तिच्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनेना, त्याला लागणाऱ्या दोन लायब्रऱ्या गायब, आणि प्रोडक्शनवर जे चालत होतं ते त्या सोर्सवरून बनलेलंच नव्हतं, मधले दीड वर्षाचे बदल नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर. टेंडर बारगळलं. जुन्याच व्हेंडरला तीन वर्षांचं एक्स्टेंशन मिळालं, वाढीव दराने.