बेस एकदा घेतला की हात लावू नका? मुळीच पटत नाही

बेस गिटार शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. बेसचा आवाज लाकडात असतो, म्हणून लाकूड बघून घ्या. सर्किट ॲक्टिव्हच, म्हणजे बॅटरीवर चालणारंच हवं. घ्यायचा तर पूर्ण लांबीचा आणि पाच तारांचाच. तारा तुटेपर्यंत बदलू नका, थोर वादक बदलत नसत. ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या पोलादी दांडीला, कधीही हात लावू नका. वाजवून झालं की तारा सैल करून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि वाद्यात काही बदल केलात तर त्याची किंमत गेली म्हणून समजा.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पण सगळी मिळून जो सल्ला तयार होतो तो नव्या मुलांचं नुकसान करतो. ती साठवलेले सगळे पैसे खरेदीवर घालतात आणि मग उंच तारांशी झटापट करत बसतात. बोटं दुखतात, खालच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, तार खरखरते, आणि दोष आपल्या हातात आहे असं वाटून वाद्य कोपऱ्यात जातं. माझं म्हणणं असं, की बेस कसा वाजेल हे मोठ्या प्रमाणात दुकानातून घरी आल्यानंतर ठरतं, आणि तो भाग वादकाने स्वतः शिकायलाच हवा.

आवाज लाकडात असतो

इलेक्ट्रिक बेसचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत विद्युतप्रवाह तयार होतो. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला तारेची हालचाल कळते. ही हालचाल कशी होईल ते आधी तार, तिच्यावर बोट कुठे पडतं आणि पिकअप तारेच्या कोणत्या भागाखाली आहे यावर ठरतं. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा अंगावर जिथे अडकवलेल्या असतात तिथला, पिकअप कडक आणि टोकदार वाजतो, मानेकडचा गोल आणि भरीव. हा फरक नवख्या कानालाही कळतो.

लियो फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याचं अंग ॲशच्या लाकडाचं होतं; पुढे आल्डर आलं. या वाद्याची आजची ओळख ज्या आवाजाने आहे तो मात्र 1957 मध्ये बसवलेल्या दोन तुकड्यांच्या पिकअपमुळे. ॲम्पेग कंपनीने 1969 मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकच्या अंगाचा बेस काढला. नेड स्टाइनबर्गर यांनी 1980 च्या सुमारास ग्रॅफाइट आणि रेझिनचा, डोकंच नसलेला बेस आणला. त्यात लाकूड नव्हतंच, तरी तो जगभरच्या स्टुडिओंमध्ये वाजला.

लाकडाचा संबंध आहे, पण तो बहुतेक लोक सांगतात तिथे नाही. तो मानेत आहे. मान स्वतःही कंप पावते, आणि एखाद्या सुराची कंपनसंख्या मानेच्या कंपाशी जुळली की मान तारेची ऊर्जा शोषून घेते आणि तो सूर लवकर विझतो. लांब, बारीक मानेच्या बऱ्याच बेसवर सर्वांत पातळ तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अशी मेलेली जागा सापडते. म्हणून दुकानात लाकडाचं नाव विचारण्यापेक्षा त्या भागातला प्रत्येक सूर दाबून किती वेळ टिकतो ते ऐका. त्याच किमतीच्या, त्याच मॉडेलच्या दोन वाद्यांत इथे फरक निघतो.

फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं जिथे तार दाबतात त्या मानेवरच्या पट्टीच्या, लाकडाबद्दलही बरीच अंधश्रद्धा आहे. जगभरच्या गिटारींवर जे इंडियन रोझवुड मिरवतं ते आपल्या सह्याद्रीतही वाढणारं शिसव. 2017 मध्ये या वर्गातल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचं बंधन आलं, 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. स्वस्त बेसच्या माहितीपत्रकात आता जे इंडियन लॉरेल दिसतं ते आपलं ऐन. ऐनाच्या फिंगरबोर्डचा बेस शिसवाच्या बेसपेक्षा वाईट वाजतो असं सांगणाऱ्याला डोळे बांधून ओळखायला सांगा.

ॲक्टिव्ह चांगला, पॅसिव्ह नवशिक्यांचा

ॲक्टिव्ह बेसच्या पोटात 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट असतं; पॅसिव्हमध्ये ते नसतं. म्युझिक मॅनच्या 1976 च्या स्टिंगरेने ही सोय मोठ्या उत्पादनात आणली. तिचे फायदे खरे आहेत: लांब केबलमधून जाताना वरच्या पट्टीतला आवाज मंदावत नाही, आणि बास-ट्रेबल वाद्यावरूनच वाढवता येतं. पण खराब पिकअपपुढे चांगला प्रीॲम्प लावला तर खराब आवाजच मोठा होतो. स्वस्त वाद्यांतले प्रीॲम्प तर अनेकदा सूं सूं करतात. सात-आठ हजारांच्या फरकाने ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह अशी निवड समोर असेल, तर पॅसिव्ह घ्या आणि उरलेल्या पैशांत नीट सेटअप, म्हणजे मानेचा बाक आणि तारांची उंची जुळवणं, करून घ्या. ॲक्टिव्ह घेतलाच, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा; जॅकमध्ये पिन असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

पूर्ण लांबीचा आणि पाच तारांचाच

34 इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ही प्रथा आहे, नियम नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर 30 इंची आहे. लहान चणीच्या मुलामुलींनी 30 इंची बेस घेण्यात काहीही कमीपणा नाही. पहिल्या फ्रेटपाशी बोटं ताणून मनगट दुखवून घेण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

पाचव्या तारेचं मात्र सरसकट नाकारण्यासारखं नाही. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर साधारण 41 हर्ट्झ, पाचव्या तारेचा 31. आपल्या ऑर्केस्ट्रांत गायक बदलला की पट्टी बदलते. गाणं पांढरी दोनमध्ये (पाश्चात्त्य डी) गेलं तर षड्ज चौथ्या तारेच्याही खाली पडतो आणि बेसवाल्याला वरच्या सप्तकात जावं लागतं. अशा कामाला पाचवी तार हवीच. पण घरच्या सरावासाठी आठ इंची स्पीकरचा छोटा ॲम्प असेल तर 31 हर्ट्झ त्यातून धडपणे बाहेरच पडत नाही. आणि सुरुवातीला न लागणारी एक तार सतत दाबून गप्प ठेवण्याचं काम तेवढं वाढतं.

तारा तुटेपर्यंत बदलू नका

याचा आधार म्हणून नेहमी जेम्स जेमरसन यांचं नाव येतं. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत साठच्या दशकात त्यांनी जे वाजवलं त्यावर आजही बेसवादन उभं आहे, आणि ते तार तुटेपर्यंत बदलत नसत हेही सगळे सांगतात. पण अर्धीच गोष्ट पुढे पाठवली जाते. त्यांच्या 1962 च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे बाहेरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, तारा होत्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे, तो तारेचा नाद दाबून टाकी. तारा उंच होत्या, आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवत. त्यांना हवा होता तो ठोसा असलेला, शेपूट नसलेला सूर. जुन्या फ्लॅटवाउंड तारेत तो आणखी छान मिळतो.

तुमच्या बेसवर दुकानातून आलेल्या तारा जवळजवळ नक्कीच राउंडवाउंड असतात. मधल्या पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली, त्यामुळे बाहेरून खाचा-खाचा. या खाचांत घाम, मेलेली त्वचा आणि धूळ भरते. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, विझतात, आणि पुढे पुढे बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेशी जुळेनासा होतो. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि गाणं तरी बेसूर लागतं. शिकणाऱ्या मुलाला हे कळत नाही, तो कानाला दोष देतो. फ्लॅटवाउंडमध्ये बाहेरची पट्टी सपाट असते, खाचाच नसतात, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. एका जातीच्या तारेचा नियम दुसरीला लावून चालत नाही.

कोकणपट्टीत आणि मुंबईत हे आणखी महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी आणि बोटांवरचं मीठ मिळून तारेला गंज चढवतात, आणि खडबडीत तार फ्रेट खाते. चांगला सेट दोन हजारांच्या पुढे जातो हे मला ठाऊक आहे. विद्यार्थ्याला ती रक्कम मोठी आहे. म्हणून वाजवून झालं की सुती फडक्याने तार वरून आणि खालूनही पुसा. एवढ्यानेच तिचं आयुष्य लक्षात येईल इतकं वाढतं. तारा उकळण्याचा उपायही लोक सांगतात. उकळून मळ निघतो आणि काही दिवस तार चमकून वाजते, पण पाणी गुंडाळीत राहिलं तर आतून गंजते. त्यापेक्षा बंद नळीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून, नीट वाळवून पुन्हा चढवलेली बरी. अल्कोहोल पेटतं, तेव्हा हे काम गॅसच्या शेगडीपासून लांब करा.

ट्रस रॉडला हात लावू नका

सगळ्या मजकुरातला हा सर्वांत घातक मुद्दा. चार तारा मिळून मानेला पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देतात. मान त्या ओढीने पुढे वाकते, आणि तिला मागे खेचून तोल सांभाळायला आतून पोलादी दांडी घातलेली असते. ती फिरवता यावी म्हणूनच तिच्या टोकाला नट दिलेला आहे. तारेची जाडी बदलली, ऋतू बदलला की हा तोल ढळतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. गॅरेजमध्ये वापरतात ती फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बेस सुरात लावा, सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. 0.3 मिलिमीटरच्या आसपास असेल तर बहुतेक बेसवर ती योग्य. जास्त असेल तर नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पावभर फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. मग पुन्हा सूर लावून मोजा. नट बसणारी बरोबर मापाची ॲलन की वापरा, इंची आणि मिलिमीटरची गल्लत केली तर कोपरे झिजतात. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि कारागिराकडे जा. भीतीला एवढीच जागा आहे.

उलट टोकाची चूकही सर्रास होते: तारा खाली आणायच्या म्हणून रॉडच आवळत जायचं. तारेची उंची ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे तारेखालच्या सरकत्या तुकड्याने, ठरते. सतराव्या फ्रेटवर जाड तार दोन-अडीच मिलिमीटर आणि पातळ तार दोनच्या आसपास, इथून सुरुवात करा. खरखर कुठे होते तेही दोष सांगतं. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर होत असेल तर मान फार सरळ झाली आहे, वरच्या फ्रेटांवर होत असेल तर सॅडल फार खाली आहे. क्रम कायम ठेवा: आधी मानेचा बाक, मग उंची, शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूर मोकळ्या तारेशी जुळवणं. तिथे दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल मागे, उतरा लागला तर पुढे.

वाजवून झालं की तारा सैल करा

नको. तारांची ओढ आणि रॉडची ओढ समतोल असते, तुम्ही रोज एक बाजू सोडलीत तर मान रोज मागेपुढे होते आणि स्थिर होतच नाही. विमानाने किंवा कुरियरने पाठवायचा असेल तर एखाद-दुसरा सूर उतरवा. पावसाळ्यात वाद्य भिंतीला टेकवून न ठेवता बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून गरम करून वाळवा. शिसवाच्या किंवा ऐनाच्या फिंगरबोर्डला तारा बदलताना लेमन ऑइलचे दोन-चार थेंब पुरतात. लाखेचा थर दिलेल्या मेपलला तेल लावू नका, आणि खोबरेल तर कशालाच लावू नका. थंडीत ते थिजतं आणि त्यावर धूळ बसते.

बदल केला की किंमत गेली

साठच्या दशकातलं जुनं वाद्य असेल तर हे खरं आहे, त्याला हात लावू नका. पण वीस-पंचवीस हजारांच्या बेसची पुन्हा विक्री होताना तशीही निम्मी किंमत येते. त्याला जपून न वाजवण्यापेक्षा आपलासा करून वाजवणं शहाणपणाचं. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या फेंडर जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर चढवला, कारण फ्रेट नसलेलं लाकूड राउंडवाउंड तारांनी खरवडलं जात होतं. त्यांचा गाणारा आवाज त्या थरातूनही आला.

सुरुवात स्वस्तातून करा. ब्रिजपाशी तारांखाली फोमची पट्टी. आवडली नाही तर काढली. मग फ्लॅटवाउंड तारा. मग पिकअपच्या खळग्यात तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडणं, म्हणजे ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण कमी होते. खरखरणारे पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे भाग, आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. तरी खरखर राहिली तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ 250 के चे पॉट आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थोडक्या पैशांत मिळतो. पिकअप बदलायचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही आहे तो पिकअप तारेच्या जवळ-लांब करून ऐकल्यावरच. त्याच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागतात, आणि कित्येकदा काम तेवढ्यातच होतं.

काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, नाव लिहून डब्यात ठेवा. नवीन छिद्र पाडू नका, लाकूड कोरू नका. उद्या बेस विकायला काढलात तर तो डबा सोबत द्या; घेणाऱ्याला वाद्य पूर्ववत करता येतं आणि किमतीचा प्रश्न तिथेच मिटतो.