धूर दिला म्हणून मिरची टिकत नाही

‘ताज्या लाल मिरच्या गॅसवर भाजा, डब्यात पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडा, झाकण लावा आणि मिक्सरमधून काढा. धुरामुळे पूड वर्षभर टिकते.’ ही कृती सध्या सगळीकडे फिरते आहे. तिच्यात चुका बऱ्याच आहेत, काही धोक्याच्या.

पहिली म्हणजे धुराने टिकते ही. मेक्सिकोत पिकलेल्या हलापेन्यो मिरचीची चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची, करतात, स्पेनच्या ला व्हेरा भागात ओकच्या धुरावर मिरची सुमारे दोन आठवडे ठेवतात. तिथे धूर हे वाळवणच आहे. झाकणबंद डब्यात उलट वाफ कोंडते. गॅसवर साल करपते, गर ओलाच राहतो, आणि अशा मिरचीची पूड नाही, चटणी होते. ओल राहिली की बुरशी आली. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार झाले तर ते भाजून जात नाही. म्हणून संशय आला की मिरची उभी चिरून पाहा: देठाजवळ, बियांच्या शिरेवर राखाडी लव दिसली तर ती फेकाच.

घरी वाळलेली बेडगी घेणे सोपे. देठं खुडलेली ५०० ग्रॅम मिरची झाकणाच्या बार्बेक्यूत एका बाजूला जाळीवर पसरा. दुसऱ्या बाजूला ६-८ कोळसे आणि आंब्याच्या सुक्या लाकडाचे दोन तुकडे ठेवा. आत ६५ ते ८० अंश, दोन तास. धूर पातळ निळसर हवा. दाट पांढऱ्या धुराने पूड कडवट होते. मग उन्हात किंवा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा वाळवा. मिरची कटकन मोडली पाहिजे, नुसती वाकली तर ओल आहे. रात्रभर काचेच्या बरणीत बंद ठेवा. सकाळी काचेवर दव दिसले तर परत वाळवणावर.

‘कोणतेही लाकूड चालते’ हेही खोटे. प्लायवूड, रंगवलेले किंवा औषध मारलेले लाकूड अजिबात नको.

आणि हे सगळे घराबाहेरच. बंद स्वयंपाकघरात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळतही नाही, करपलेल्या मिरचीचा ठसका वेगळाच.

दळताना थांबून थांबून फिरवा आणि झाकण लगेच उघडू नका. १० मिनिटे खकाणा खाली बसू द्या. मास्क, चष्मा, हातमोजे घाला. हात झोंबले तर आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही.