फुल चोकनं मारा वाढत नाही, आणि प्रत्येक काडतुसाला तो चालतही नाही

नांदेड, हिंगोली, परभणीकडच्या बंदूक परवानाधारकांमध्ये एक सल्ला सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय: "बाराबोअरला फुल चोक असला की छर्रा लांब जातो आणि जोरात बसतो. मग काडतूस कुठलंही घाला. चोक ओळखायचा तर नळीचं तोंड मोजा." यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि मधलं तर धोक्याचं आहे.

"लांब जातो, जोरात बसतो." छर्ऱ्याचा वेग ठरतो काडतुसातल्या दारूवर आणि भरलेल्या छर्ऱ्यांच्या वजनावर, चोकनं त्यात नावापुरताच फरक पडतो. चोक म्हणजे नळी तोंडाशी जितकी अरुंद केलेली असते तो फरक. फुलला साधारण 1 मिमी, हाफला 0.5, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला 0.25, सिलिंडरला शून्य. त्यानं छर्रे किती दाट राहतात एवढंच बदलतं. 40 यार्डांवर (सुमारे 36.5 मीटर) 30 इंची वर्तुळात सिलिंडरचे 40 टक्के, हाफचे 60 आणि फुलचे 70 टक्के छर्रे पडावेत, असं प्रमाण धरतात. साडेसात नंबरच्या (नंबर म्हणजे छर्ऱ्याचा आकार) 28 ग्रॅमच्या काडतुसात साधारण 350 छर्रे असतात. म्हणजे फुलमधून 245, सिलिंडरमधून 140. पण 20 यार्डांवर फुलचा फैलाव जेमतेम 16 इंच, तर सिलिंडरचा 32. म्हणूनच उडत्या मातीच्या चकत्यांवरच्या नेमबाजीत जवळच्या स्कीट प्रकाराला मोकळी नळी वापरतात आणि लांबच्या ट्रॅप प्रकाराला आवळलेली.

"काडतूस कुठलंही घाला." हे मुळीच करू नका. एकसंध शिशाची गोळी चोकच्या तोंडापेक्षा मोठी असेल तर ती तिथं अडते, दाब वाढतो आणि नळी फुगते किंवा फाटते. अंगावर बरगड्या असलेली मऊ शिशाची गोळी दबून निघून जाते खरी, पण नेम राहत नाही. गोळीला सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडरच हवा, आणि खोक्यावर वेगळी सूचना असेल तर तीच अंतिम. एलजी या जाड छर्ऱ्याच्या काडतुसातले छर्रे 9 मिमीच्या आसपास असतात. फुल चोकच्या अरुंद तोंडात ते एकमेकांवर दाबले जाऊन चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. अशा काडतुसाला बऱ्याचदा हाफ जास्त एकसारखा पसारा देतो. पोलादी छर्रा चेपत नाही, त्यामुळे तो हाफमधूनही दाट जातो. जुन्या दुनळीत मात्र तो घालूच नये.

"तोंड मोजा." बाराबोअरची नळी आतून 18.5 मिमीच्या आसपास असते, पण बंदुकीगणिक थोडी कमी-जास्त भरते. त्यामुळे नुसत्या तोंडाच्या मापाला अर्थ नाही. चोकच्या मागचा व्यास मोजून त्यातून तोंडाचा वजा करा. जो फरक येईल तो चोक. मोजण्याआधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत हे पाहायचं. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली दुनळी परत आल्यावर तर नळीतून उजेड पाहिल्याशिवाय काडतूस घालूच नये. आत कुंभारमाशीनं घर केलेलं असू शकतं.

स्क्रूच्या चोकवर बहुधा काठाला खाचा असतात: एक खाच फुल, तीन हाफ, पाच सिलिंडर. चोक काढून नुसती नळी चालवली तर आटे खराब होतात. आट्यांना ग्रीस लावा, आणि अधूनमधून, बंदूक रिकामी असतानाच, चोक ढिला झालाय का तपासा.

खरा हिशेब कागदच सांगतो. रेंजवर 40 यार्डांवर चार फुटी कागद लावा, एकाच लॉटची पाच काडतुसं प्रत्येकी नव्या कागदावर झाडा, छर्रे सर्वांत दाट असतील तिथं 30 इंची वर्तुळ आखून भोकं मोजा आणि पाचांची सरासरी काढा. काडतुसाचा ब्रँड किंवा नंबर बदलला की हे सगळं पुन्हा करायचं.