सोपो घेता, मग संडास कुठे आहे?

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते आहे. पोस्ट लांब होणार. (सोपो म्हणजे बाजारात बसण्याबद्दल पालिका विक्रेत्यांकडून रोज घेते ते पैसे.)

आमच्या इथल्या, गोव्यातल्या पालिकेची अंदाजपत्रकाची बैठक झाली. ग्रुपवर कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, तो शेवटपर्यंत पाहिला. शहराच्या तोंडावरच्या कमानीला रोषणाई, मंजूर. सर्कलचं सुशोभीकरण, मंजूर. बागेत कारंजं, शिगम्याला मंडप, मंजूर, मंजूर. मग एका नगरसेविकेनं बाजारातल्या बायकांच्या शौचालयाचा विषय काढला. उत्तर आलं, "निधी आला की बघू." लगेच पुढचा विषय. आणि तेवढ्यात कुणीतरी हसलं. कोण ते दिसत नाही, पण ते हसणं माझ्या कानांतून जात नाही.

माझी आई त्याच बाजारात भाजी विकायची. थंडीत तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, अळसांदे. पावसात डोंगरावरची काकडी, भेंडी, दोडकी. पहाटेच्या कदंब बसनं पाटी घेऊन यायची ती दुपारी उशिरा परत जायची. तेवढ्या वेळात पाण्याचा घोट नाही. मी शाळेतून येता येता तिच्याकडे जायचे, माझ्या बाटलीतलं पाणी पुढे करायचे, तर म्हणायची, "उदक पियेल्यार मागीर वचप खंय?" पाणी प्यायलं तर मग जायचं कुठे? एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा हेच. तिच्या बाजूला बसणाऱ्या सगळ्याजणींचं हेच. कोण पोटुशी, कुणाची पाळी चालू, कुणाला साखरेचा त्रास. सगळ्या तशाच बसलेल्या.

आणि सोपो? तो मात्र एक दिवस चुकला नाही. पाटी टेकवली की पावतीपुस्तकवाला हजर. भाजी खपली की नाही हे त्यानं कधी विचारलं नाही. पावसानं अर्धा माल सडला त्या दिवशीही सोपो द्यायचाच. म्हणजे पैसे घ्यायच्या वेळी पालिकेला आई रोज दिसत होती. आजही सोपोची पावणी, म्हणजे लिलाव होतो, ठेकेदार बोली लावतो, वसुलीची माणसं फिरतात. त्या यंत्रणेला कधी निधी कमी पडल्याचं ऐकलंय का तुम्ही?

बाजाराच्या मागे एका बाईंचं जुनं घर होतं. त्या आईला आणि आणखी दोघीतिघींना परसदारी जाऊ द्यायच्या. आई दर आठवड्याला त्यांना तांबड्या भाजीची जुडी नेऊन द्यायची, त्या पैसे देऊ करायच्या, ही घ्यायची नाही. पुढे ते घर विकलं गेलं, तिथे इमारत आली, फाटकावर राखणदार बसला. अख्ख्या शहराची सार्वजनिक सोय एका बाईच्या चांगुलपणावर चालली होती, आणि ती बंद झाल्याचं पालिकेत कुणाला कळलंही नाही.

आईला पुढे लघवीच्या जळजळीचा त्रास सुरू झाला, तो गेलाच नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, पाणी का पीत नाही? आई मान खाली घालायची. का घालायची मान तिनं खाली? लाज वाटायची होती ती दुसऱ्या कुणाला तरी!

मान्य आहे, पालिकांकडे फार पैसा नसतो. घरपट्टी, परवाने, दुकानांची भाडी, सोपो, यांतून पगार भागवायचे आणि बाकी सगळ्यासाठी पणजीकडे बघायचं. अनुदान ज्या कामाला आलं त्याच कामाला लावावं लागतं, हेही ठाऊक आहे. बरं, मग कारंज्याचं पाणी कुठून येतं?

आणि हे काही उपकाराचं काम नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली, त्यात पालिकांसाठी १८ विषय आहेत. सतराव्यात रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक प्रसाधनगृहं एकाच ओळीत आहेत. दिवे यांना पाठ आहेत. वाहनतळावर तास तास चर्चा होते. ओळ पूर्ण वाचायला काय होतं? २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा तर सांगतो की शहराच्या विक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. आमच्या बाजारातल्या भाजीवालीला कुणी असल्या बैठकीची चिठ्ठी दिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

कुणी म्हणेल, शौचालय आहे की कोपऱ्यावर. आहे. कुलूप असतं. उघडं असलं तर नळाला पाणी नसतं. पाणी असलं तर बायकांनी पैसे मोजायचे, पुरुष लघवीला फुकट. आणि त्यांतले निम्मे तरीही भिंतीकडेच तोंड करतात. जुडी विकून चार पैसे सुटणाऱ्या बाईनं दिवसातून तीनदा ते पैसे द्यायचे का? ती नाही देत. ती पाणी पीत नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून 'राईट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, म्हणत याच गोष्टीसाठी पालिकेशी भांडण मांडलं. आपण गोव्यात अजून हा शब्द चारचौघांत उच्चारायला लाजतो.

व्हिडिओ मी आईला दाखवणार नव्हते. पण ती शेजारीच बसली होती, तिनं ऐकलं. "अजून झालं नाही ते?" एवढंच म्हणाली. रागानं नव्हे, तिला खरंच आश्चर्य वाटलं. तिला वाटत होतं, एवढ्या वर्षांत झालं असेल.

त्या नगरसेविकेबद्दल मात्र लिहायलाच हवं. मी तिला ओळखत नाही, मी तिच्या पक्षाचीही नाही. विषय मांडताना तिचा आवाज कापत होता, तरी ती खाली बसली नाही. "बाजारातल्या बायकासुद्धा या शहराच्याच आहेत," असं म्हणाली. राखीव जागेवरून आलेल्या बायका नुसत्या सह्या करतात, असं म्हणणाऱ्यांनी तो तुकडा बघावा. सभागृहात ती एकटी पडली हे मला जास्त लागलंय. बाहेर तरी तिला एकटी पडू द्यायची नाही.

तर मी दोन कामं हातात घेतली आहेत. माहिती अधिकारात अर्ज लिहून झालाय: गेल्या पाच वर्षांत सोपोतून किती जमा झाले आणि त्यांतले बाजारातल्या सोयींवर किती खर्च झाले. आणि एक निवेदन. नुसतं 'शौचालय बांधा' असं त्यात लिहिणार नाही, कारण उद्घाटनाची फीत कापून कुलूप लावलेली शौचालयं आपण पाहिली आहेत. पहिल्या बसच्या आधी उघडायचं, बाजार उठेपर्यंत बंद करायचं नाही. पाण्याची टाकी, आतून लागणारी कडी, दिवा, पॅड टाकायला झाकणाचा डबा. सोपोची पावती दाखवली की फुकट. सांभाळायला पगारी बाई, आणि तिचा पगार अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत.

येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी सातपासून मी भाजीच्या रांगेत सह्या घेणार आहे. सोबत कोण येतंय ते खाली लिहा. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घेऊ, शाईचं पॅड मी आणते.