अल्डर क्रीकच्या थांब्याबद्दल: दोन तारे देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री वाचला. उत्तराला तीन दिवस लागले, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. तुम्ही लिहिलंत, की कॅलिफोर्नियातल्या ताहो तलावाच्या सहलीचे पैसे भरले आणि दीड तास ट्रकी गावाजवळच्या एका रिकाम्या कुरणात गेला. माहितीपत्रकात ‘शिक्षिकेची रोजनिशी’ असं होतं, ती रोजनिशी कुठेच दिसली नाही. नऊ वर्षांच्या मुलीसमोर माणसांनी माणसं खाल्ल्याचा विषय निघाला. आणि आई-बाबांना जेवायला अडीच वाजले.

जेवणाचं आधी. ती पूर्णपणे माझी चूक. बाबांना मधुमेह आहे हे तुम्ही बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. मनापासून माफी मागते. तुमच्या जागांचे निम्मे पैसे आज परत पाठवलेत. आता डबे गाडीतच असतात आणि साडेबाराला उघडतात. मुलीबद्दलही तुमचं बरोबर आहे. प्रश्न मागच्या सीटवरून आला होता, पण त्याचं उत्तर मी माइकवर द्यायला नको होतं.

माहितीपत्रकातलं वाक्यही बदललं. ते वाचून रोजनिशी बघायला मिळेल असंच कुणालाही वाटेल. ती शिक्षिका म्हणजे टॅमसेन डॉनर. १८४६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या वाटेवर बर्फात अडकलेल्या डॉनर काफिल्यातल्या. त्यांची रोजनिशी आजवर कुणालाच सापडलेली नाही. त्या हिवाळ्यातली जी उरली, ती काफिल्यातल्याच पॅट्रिक ब्रीन या शेतकऱ्याची: २० नोव्हेंबर १८४६ ते १ मार्च १८४७. बर्फ किती पडला, वारा कुठला, कोण गेलं, अशा मोजक्या ओळी. ती बर्कलीच्या बॅंक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे. हे मी कुरणात उभं राहून सांगितलं. पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

थांबा मात्र मी काढणार नाही.

डॉनर हे नाव निघालं की लोकांना एकच गोष्ट आठवते, उपासमारीत माणसांनी माणसं खाल्ल्याची, आणि तुमच्या मुलीच्या कानावरही नेमकी तीच पडली, याचं मला फार वाईट वाटतं. टॅमसेनबाई १८०१ साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यूबरीपोर्टमध्ये जन्मल्या. लग्नाआधीच एकट्या नॉर्थ कॅरोलायनात जाऊन शाळेत शिकवू लागल्या. १८३१ सालच्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत लहान मुलगा, अपुऱ्या दिवसांची मुलगी आणि नवरा, तिघेही गेले. त्यानंतर भावाची आई नसलेली मुलं सांभाळायला त्या इलिनॉयला आल्या आणि तिथंही शाळेतच उभ्या राहिल्या. १८३९ मध्ये जॉर्ज डॉनरशी दुसरं लग्न झालं. १८४६ च्या एप्रिलमध्ये कुटुंब स्प्रिंगफील्डहून निघालं, तेव्हा गाड्यांत पुस्तकं, रंग आणि शाळेचं साहित्य होतं. कॅलिफोर्नियात मुलींची शाळा काढायची होती.

१६ जूनचं त्यांचं एक पत्र शिल्लक आहे. प्लॅट नदीकाठून लिहिलेलं. मला ते अतिशय प्रिय आहे. वनस्पतींचा अभ्यास थोडा केला, वाचलंही थोडं, पण स्वयंपाकच ढीगभर केला, असं त्या लिहितात. मग वाटेतल्या फुलांची नावं येतात: ट्यूलिप, प्रिमरोझ, ल्युपिन, लार्कस्पर. आणि म्हणतात, की याहून फार वाईट काही वाट्याला आलं नाही, तर खरा त्रास फक्त निघण्याचाच होता असं मी म्हणेन. हे वाक्य कुरणात वाचून दाखवताना माझा आवाज दर वेळी अडकतो.

पुढे पुरुष मंडळींनी हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने सांगितलेली ‘जवळची’ वाट धरली. बाकी सगळे आनंदात होते, टॅमसेनबाई तेवढ्या खिन्न होत्या, असं बरोबरच्या एका प्रवाशाने नोंदवलंय. ज्याच्याबद्दल काहीच माहिती नाही, त्याच्या शब्दावर मळलेली वाट सोडणं त्यांना पटत नव्हतं. त्या वाटेने कित्येक आठवडे खाल्ले आणि सिएरा नेवाडा डोंगरातला घाट ओलांडायच्या आत बर्फ आला. ८१ माणसं अडकली, जवळजवळ निम्मी दगावली. बहुतेकांचा मुक्काम आज डॉनर लेक म्हणतात त्या तळ्याकाठी होता. डॉनर कुटुंबं तिथून सुमारे दहा किलोमीटर मागे राहिली, अल्डर क्रीकला, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या कुरणात. ही भूमी मूळच्या वाशो आदिवासी लोकांची, हेही मी तिथं सांगते.

ते कुरण मला रिकामं का वाटत नाही, ते सांगते. २००३-०४ मध्ये तिथं उत्खनन झालं. जी जळकी हाडं ओळखता आली, ती गुरं, घोडा, हरीण, कुत्रा यांची होती. माणसाचं एकही नाही. (न जळलेली हाडं त्या मातीत टिकत नाहीत, त्यामुळे यावरून सगळा निकाल लागत नाही.) आणि सापडले लिहायच्या पाटीचे तुकडे. पाटी, ताई! त्या उपासमारीत, तंबूवर बर्फाचे थर असताना, पाटी जवळ होती. तिच्यावर काय लिहिलं गेलं ते कुणाला ठाऊक नाही. पण चार महिने तंबूत अडकलेल्या लहान मुली आणि जवळ एक बाई, एवढं तर पक्कं आहे.

दीड तास जास्त झाला असेल तर सव्वा तास करीन. त्याहून कमी नाही.

गाडीत चढताना बाबांनी विचारलं होतं, मुलींचं पुढे काय झालं? घाईत राहून गेलं. त्यांना कृपया सांगा, पाचही जगल्या. दोघी सावत्र मुली पहिल्या मदत-पथकाबरोबर गेल्या, तिघी लहान मागाहून. टॅमसेनबाईंनाही निघता आलं असतं. हाताच्या जखमेने आजारी नवऱ्याला सोडून त्या निघाल्या नाहीत आणि मार्च संपता संपता वारल्या. सर्वात धाकट्या दोघी, जॉर्जिया आणि एलिझा, यांना सोनोमातल्या एका स्विस जोडप्यानं वाढवलं. एलिझा १९२२ पर्यंत होती. धाकट्या तिघींना पाठवण्याआधी आईने त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, कुणी विचारलं तर सांगायला: आम्ही श्री. व सौ. जॉर्ज डॉनर यांच्या मुली आहोत.